पाच पैशांच्या कराची स्मृती

सरकारने बसवलेल्या कराची खूण कोणी हौसेने जपून ठेवतो, असे सांगितले तर व्यवहारी माणूस हसेल. परंतु अमेरिकेत नेमके हेच घडले आहे. महामंदीच्या काळात तेथील अनेक राज्यांनी विक्रीकर लागू केला. दहा सेंटांच्या खरेदीवर दोन टक्के कर म्हणजे सेंटाचा पाचवा हिस्सा; आणि सेंटाहून लहान नाणे तर चलनात नव्हते. अशा वेळी गरीब गिऱ्हाइकाने अख्खा सेंट का गमवावा? म्हणून १९३५ पासून बारा राज्यांनी सेंटाच्या अंशाचे बिल्ले काढले. ॲल्युमिनियम, जस्त, पुठ्ठा, प्लॅस्टिक, जे हाती आले त्याचे ते बनले. कालांतराने ते बंद पडले आणि संग्राहकांच्या पेटीत जाऊन बसले. मंदीतील संसाराचा हिशेब आज तेच सांगतात.

अशी एक करखूण आपल्याही घरांत पडून आहे. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला. प्रारंभी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर बंगळूर, जयपूर आदी ठिकाणी अक्षरे छापून निभावण्यात आले. नंतर निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट निघाले. गरिबाचे पोस्टकार्ड मात्र या करातून वगळले होते. ३१ मार्च १९७३ रोजी हा कर संपला. तात्पुरता म्हणून बसवलेला कर खरोखरच उठतो, याचा इतका बोलका पुरावा विरळाच!

गोमंतकातून बेळगावजवळच्या सांबऱ्यास सोयऱ्याधायऱ्यांची पत्रे जात असत. त्या काळातील असे एखादे पाकीट हाती घेऊन पाहावे. पाठवणारा केंद्रशासित प्रदेशातला, घेणारा म्हैसूर राज्यातला. कारण त्या राज्यास कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी मिळाले. पत्ता मराठीत, आणि कोपऱ्यात अनोळखी बंगाली बांधवासाठी दिलेले पाच पैसे. एका पाकिटावर एवढा इतिहास मावतो.

दुर्दैवाने हौशी मंडळी तिकीट पाण्यात भिजवून सोडवतात आणि पाकीट केरात टाकतात. सुटे तिकीट विपुल मिळते, त्याला किंमत फारशी नाही. परंतु गावाचा शिक्का, तारीख आणि पत्ता गेला की साक्षच पुसली जाते.

आज कर बिलाच्या तळाशी छापून येतो आणि बिल दुसऱ्या दिवशी फेकले जाते. उद्याच्या इतिहासकाराच्या हाती आपण काय ठेवणार, हा प्रश्न गंभीर आहे. निदान जे उरले आहे ते तरी राखावे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथालयांनी अशी पाकिटे मागवून जतन करावीत आणि वाचकांनी माळ्यावरची जुनी पेटी रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. पाच पैशांत तेव्हा फार काही येत नसे. आज मात्र त्या पाच पैशांत एका पिढीची माणुसकी सापडेल.