टाचेचा हिशेब

या आठवड्यात एकच मोजा चौथ्यांदा उसवला. पुण्यात लोकरीचे मोजे कशाला, असं मला विचारू नका, डिसेंबरातल्या पहाटेच्या फरशीला विचारा. पहिल्या खेपेला पायाचा घेर मोजून बरोब्बर 23 सेंटिमीटरचा मोजा विणला. दुपारपर्यंत तो घोट्याखाली गोळा होऊन बसला! विणीला ताण लागतो. घेर साधारण दहावा हिस्सा कमी धरायचा, हे तेव्हा कळलं. म्हणून आता 21. सेंटिमीटरला तीन टाके, म्हणजे 63. पण दोन सुलट-दोन उलट बसायला चाराच्या पटीत हवेत, म्हणून 64. खरी परीक्षा टाचेची. निम्मे 32 टाके घेऊन 32 ओळींची पट्टी विणली, तर माझ्या उंच पाऊलपाठीवर मोजा करकचला. 36 ओळींनी तो सैलावला. मोजे विणायचं यंत्र विल्यम लीनं 1589 मध्येच काढलं, तरी दुकानातला ‘फ्री साइज’ मोजा ही शुद्ध थाप आहे. तो सगळ्यांना चढतो, बसत कुणालाच नाही. माझा डावा मोजा आता झक्क बसलाय. उजवा पाय अजून अनवाणीच आहे.