जेवणापूर्वीं आणि जेवणानंतर

परीक्षेच्या आदल्या रात्रीं घोकंपट्टी करूं नका, असा उपदेश आम्हीं तीस वर्षें मुलांना केला. तोच अपराध उतारवयांत आमच्या हातून घडला. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं तो आजही घडत असेल, म्हणून येथें तो कबूल करतों.

आम्हांस मधुमेह जडल्यास सहा वर्षें झालीं. तपासणीचा दिवस जवळ आला कीं आम्ही चार दिवस गोड वर्ज्य करीत असूं आणि आदल्या रात्रीं नुसतें ताक पिऊन निजत असूं. सकाळीं उपाशीपोटीं आंकडा येई ११८. तो कागद पाहून घरांत आनंद होई, आणि दुपारीं भाताच्या दुसऱ्या मुदीवर तुपाची धार पडे. यंदा डॉक्टरांनीं एचबीएवनसी नांवाची चांचणी करविली. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात व त्यांतील रंगद्रव्यास साखर चिकटत राहते. त्यामुळें गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब या चांचणींत उतरतो. निरोगी माणसाचा आंकडा ५.७ टक्क्यांहून कमी असतो, ६.५ पासून मधुमेह समजतात. आमचा निघाला ८.४! घोकंपट्टी उघडी पडली. शिवाय पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नव्हती. तेव्हां प्रकरण हंसण्यावारी नेण्याजोगें राहिलें नव्हतें.

थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही नेहमीं सकाळचाच आंकडा पाहतां. जेवल्यानंतरचा कधीं पाहिला आहे का?” प्रश्न बिनतोड होता.

उपाशीपोटींचा आंकडा, म्हणजे निदान आठ तास पाण्यावांचून कांहीं न घेतां पाहिलेला, रात्रभर शरीराचा कारभार कसा चालला तें सांगतो. आपण उपाशी निजलों तरी यकृत आपल्या सांठ्यांतील साखर रक्तांत सोडीत असतें. म्हणून नुसत्या लंघनानें सकाळचा आंकडा उतरेलच असें नाहीं. जेवणानंतरचा आंकडा मात्र पानांत काय वाढलें होतें त्याची साक्ष देतो. तो पहिल्या घांसापासून दोन तासांनीं पाहावा. निरोगी माणसांत उपाशीपोटीं १०० च्या आंत व जेवणानंतर दोन तासांनीं बहुधा १४० च्या आंत साखर असते. मधुमेह्यांसाठीं सर्वसाधारणपणें जेवणापूर्वीं ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आंत हें लक्ष्य धरतात. फार वृद्धांस व इतर व्याधी असणाऱ्यांस डॉक्टर तें सैल करून देतात.

सूनबाईंनीं एक वही घातली. एका ओळींत दोन आंकडे आणि मध्यें पानांतले पदार्थ. पहिल्या दिवशीं नेहमींचें जेवण: आधीं १२४, नंतर २३८. दुसऱ्या दिवशीं आधीं कोशिंबीर, पालेभाजी व मटकीची उसळ, मग एक भाकरी, शेवटीं भाताची एकच लहान मूद, आणि शंभर पावलांवर न थांबतां पंधरा मिनिटें शतपावली: आधीं १२१, नंतर १७२. एकादशीस साबुदाण्याची खिचडी झाली: आधीं ११९, नंतर २५१. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट! ज्याला आम्ही उपवास म्हणत होतों, त्याला रक्त मेजवानी म्हणत होतें. एकट्या सकाळच्या आंकड्यानें हें सात जन्मांत कळलें नसतें.

घरच्या यंत्राविषयीं थोडेंसें. बोट टोंचण्यापूर्वीं हात धुवून कोरडे करावे. आंबा चिरलेल्या बोटाला लागलेली साखरही आंकडा फुगविते. पट्ट्यांची मुदत पाहावी व डबी घट्ट मिटावी. चांगल्या यंत्रांतही पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडूं शकतो. १६० च्या जागीं १७२ आले म्हणून घर डोक्यावर घेऊं नये.

याउलट ७० च्या खालीं आंकडा गेला, घाम सुटला, हात कांपूं लागले, तर वाट पाहूं नये. शुद्धीवर असलेल्या माणसास तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यांत कालवून तत्काळ द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहीं घालूं नये; तांतडीनें रुग्णालय गांठावें. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं निर्जळी करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि वहींतील आंकडे पाहून स्वतःच औषध कमीजास्त करूं नये.

आतां घरांतील तरुण मंडळींस एक विनंती. वडिलांचा आंकडा पंक्तींत मोठ्यानें वाचूं नका आणि सासूबाईंच्या हातांतील लाडवाकडे डोळे वटारून पाहूं नका. ज्या घरीं आंकड्यावरून बोलणीं खावीं लागतात, तेथें वडील माणसें आंकडा लपवितात किंवा आमच्यासारखी आदल्या रात्रींची युक्ति काढतात. आंकडा म्हणजे गुणपत्रिका नव्हे, तो मार्ग दाखविणारा सोबती आहे. सूनबाईंनीं २३८ पाहिले तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “उद्यां भाजी आधीं वाढतें.”

असो. आमचा अंगठा आतां भरत आला आहे. वही मात्र चालू आहे, आणि तींत आम्हीं अद्याप एकही आंकडा खोडलेला नाहीं.