बोलीचा मृत्युदाखला

बोली मेली तरी चिंता नको, ती दप्तरात सुरक्षित आहे, हे वाक्य भाषांच्या परिसंवादांतून मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानी पडले की माझे डोके फिरते. सुरक्षित म्हणजे काय? लोणचे बरणीत सुरक्षित असते, तसे?

या मंडळींचे लाडके उदाहरण म्हणजे रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज पंडिताचे दप्तर. ऑक्सफर्डला टेलर इन्स्टिट्यूशनच्या ग्रंथालयात ते आहे. गृहस्थ शिकले विजेचे शास्त्र. पण १९०६ साली अथेन्सच्या ब्रिटिश स्कूलचे संचालक झाले आणि स्पार्टाला आर्टेमिस ऑर्थियाचे देवस्थान खणू लागले. मातीचे मुखवटे, हस्तिदंती कोरीव काम, शिशाच्या लाखावर चिमुकल्या मूर्ती असा ऐवज तिथून निघाला. पुढे १९०९ ते १९११ या वर्षांत ते अनातोलियातील कप्पादोकियाच्या खेड्यांतून हिंडले आणि तिथल्या ग्रीक बोली नि कहाण्या टिपल्या. त्यांचे जाडजूड पुस्तक १९१६ साली निघाले. ते मी चाळले नाही, वाचले आहे. आणि त्या माणसाच्या कष्टांपुढे मान तुकवूनच पुढचे लिहितो.

त्या बोली म्हणजे मोठी मौज आहे. शेकडो वर्षे तुर्की शेजाराने राहिलेली ती ग्रीक. नामांचे लिंगभेद बव्हंशी गळून पडलेले. ग्रीकमध्ये विभक्तीसाठी शब्दाचे शेपूट बदलावे लागते. इथे काही गावांत अख्ख्या शब्दाला प्रत्यय नुसता चिकटवून देतात, थेट तुर्की रीतीने. सोवळ्या पंडितांना यात भ्रष्टता दिसली. (मराठीतले फारसी शब्द वेचून फेकण्याचा खटाटोप आपणही करून पाहिला आहे, तेव्हा हसू नये.) मला त्यात दिसते ती दोन भाषांत सहज वावरणाऱ्या शेतकऱ्याची, बाईची, पोराची हुशारी.

मग १९२३ साली लोझानचा करार झाला. कोण ग्रीक नि कोण तुर्क हे ठरले धर्मावरून. घरात कोणती भाषा बोलता हे कोणी विचारलेच नाही. कप्पादोकियाची ख्रिस्ती माणसे उचलून ग्रीसमध्ये नेली गेली, आणि ज्यांना तिकडे ग्रीक म्हणून घालवले त्यांना इकडे ‘तुर्कांचे बियाणे’ म्हणून हिणवले गेले. अशा जागी आजीची बोली कोण मोठ्याने बोलेल? ती घरात शिरली, चुलीपाशी बसली. आणि बाहेर विद्वानांनी हिशेब केला: गावे गेली, पुस्तक आहे, विषय संपला. १९६० नंतर तर ही बोली नामशेष झाली असेच धरून चालले होते.

२००५ साली मार्क यान्से आणि दिमित्रिस पापाझाखारिऊ या दोघा अभ्यासकांना मध्य आणि उत्तर ग्रीसमध्ये मिस्ती गावची बोली बोलणारी माणसे भेटली. म्हातारीकोतारीच नव्हेत; निर्वासितांच्या तिसऱ्या पिढीतली, मध्यम वयाची, आपल्या बोलीचा अभिमान असलेली माणसे! ती लपलेली नव्हती. आपापल्या घरी जेवतखात होती. त्यांच्या दारावर थाप मारायचे कोणाला सुचले नाही, कारण मृत्युदाखला कपाटात तयार होता.

याचा दोष डॉकिन्स यांच्यावर टाकणे अन्याय होईल. १९५० साली त्यांनी डोडेकनीझ बेटांतल्या पंचेचाळीस कहाण्या छापल्या, त्या कॉस बेटावरच्या याकोब झराफ्टिस यांच्या हस्तलिखितांवरून. आणि त्यांचे नाव मुखपृष्ठाआड दडवले नाही, ग्रंथाच्या नावातच घातले. चूक पुढच्यांची. खणून काढलेल्या शिशाच्या मूर्तीला नातू नसतात, बोलीला असतात, एवढा फरक त्यांनी पाळला नाही.

दप्तर कसे असावे हे पाहायचे तर अथेन्सला जावे. मेल्पो मेर्लिए या बाईंनी १९३० पासून तिथे काम उभे केले. त्यातून आशिया मायनर अभ्यासकेंद्र झाले आणि सुमारे पाच हजार निर्वासितांना त्यांच्या गावाविषयी बोलते केले गेले. तिथे आधी माणसे आली, मागून कागद.

ऑक्सफर्डच्या कपाटातली मिस्तीची जी काही पाने असतील, त्यांची एक एक प्रत त्या तिसऱ्या पिढीच्या हाती द्यावी. त्यांच्या पोरांनी ती मोठ्याने वाचावी, आणि हे आमच्याकडे असे म्हणत नाहीत म्हणून समासात पेन्सिलीने दुरुस्त्याही कराव्यात.