शालेय संघातील जागा कोणासाठी?

मुंबईतील एखाद्या नामांकित शाळेच्या क्रिकेट संघात स्थान मिळविणे हे आज दहावीला नव्वद टक्के गुण मिळविण्याहून दुष्कर झाले आहे. शाळेत हजार-दीड हजार मुले असतात, त्यांतील निम्म्यांनी तरी गल्लीत बॅट धरलेली असते आणि जागा मात्र राखीव धरून पंधरा. याच महाराष्ट्रात एखाद्या तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक स्पर्धेच्या आदल्या दिवशी वर्गावर्गांतून हिंडून मुलींच्या खो-खो संघासाठी नावे गोळा करीत असतो. मैदानात उतरायला नऊ जणी लागतात. आठ मिळतात आणि नववीच्या घरी जाऊन आईबापांची मनधरणी करावी लागते. एकीकडे दाराशी झुंबड, दुसरीकडे दार उघडे असूनही आत यायला कोणी मोकळे नाही. या दोन्ही गोष्टी एकाच शिक्षणव्यवस्थेत घडतात, याचा विचार क्वचितच होतो.

एखादा खेळ उच्च दर्जाचा म्हणून त्याच्या संघात शिरणे कठीण, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः निवडीची तीव्रता खेळाच्या गुणवत्तेवर नव्हे, तर त्या खेळामागे उभ्या असलेल्या पैशावर, प्रसिद्धीवर आणि मैदानाच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते. खेळाडूच्या अंगी लागणारी चपळाई, दमछाक सोसण्याची शक्ती आणि प्रसंगावधान ही कोणत्याही खेळाहून कमी नाहीत. तरीही त्या संघासाठी कोणी शाळा बदलत नाही. क्रिकेटसाठी मात्र शाळा बदलण्याची प्रथा मुंबईत जुनी आहे. रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून सचिन तेंडुलकर दादरच्या शारदाश्रमात आला. पृथ्वी शॉ हा मुलगा विरारहून लोकलने वांद्र्याच्या शाळेत येत असे. २०१३ साली हॅरिस ढाल स्पर्धेत त्याने ५४६ धावा काढल्या. या मुलांच्या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या शाळांत पहिलीपासून शिकणाऱ्या मुलांचा. बाहेरून आणलेल्या खेळाडूंनी संघ भरला की, त्यांच्या वाट्याला टाळ्या वाजविणे तेवढे उरते. शाळेची कीर्ती वाढते, शाळेतील मुले मात्र खेळत नाहीत.

संघात आल्यावरही स्पर्धा संपत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर व कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ही कथा मुंबईतील शाळकरी पोराला तोंडपाठ असते. त्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून खेळीभर बसून राहिला होता, हे मात्र मागाहून आठवले जाते. तो अमोल मुझुमदार. पुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, पण भारताच्या संघाचे दार त्याच्यासाठी कधीच उघडले नाही. २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून देशाने त्याची दखल घेतली. एवढ्या गुणवंताची ही गत, तर चाचणीच्या पहिल्याच फेरीत गळालेल्यांची विचारपूस कोण करणार?

याची दुसरी बाजू जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला दिसली. रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि जगभर त्याचे नाव झाले. प्रतिपक्षाचा संघ पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्या डावात ५२ धावांत गारद झाला. त्या संघातील बरीच मुले वयाने लहान आणि अननुभवी होती. एका शाळेत निवडीची चाळण, दुसऱ्या शाळेत संख्या भरण्याची धावपळ, आणि दोघांचा सामना एकाच मैदानावर! प्रणवच्या विक्रमाचे कौतुक जरूर व्हावे. पण चेंडू आणण्यासाठी दोन दिवस सीमारेषेकडे पळणाऱ्या त्या पोरांना खेळाने काय दिले, हेही विचारले पाहिजे.

अमेरिकेतील हायस्कुलांत ही निवड उघड रीतीने होते. बास्केटबॉलसारख्या मोजक्या जागांच्या खेळात चाचणी घेऊन अनेकांना वगळतात, तर धावण्याच्या शर्यतींच्या आणि कित्येक ठिकाणी त्यांच्या फुटबॉलच्याही चमूत येईल त्याला सामावून घेतात. मायकेल जॉर्डनला १९७८ साली शाळेच्या मुख्य संघात घेतले नाही, ही गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून तेथे सांगितली जाते. तिच्यातला खरा धडा निराळा आहे. जॉर्डनला घरी पाठविले नव्हते, शाळेच्या दुसऱ्या संघात घेतले होते. तेथे तो वर्षभर खेळला, वाढला आणि पुढच्या वर्षी मुख्य संघात आला. दुसरा संघच नसता तर? आपल्याकडील बहुतेक शाळांत तो नसतो.

त्याच देशात १९७२ साली शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा झाला. त्यापूर्वी हायस्कूलच्या संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज त्या तीस लाखांवर आहेत. मुलींच्या अंगात एकाएकी खेळाची आवड उत्पन्न झाली, असे नव्हे. जागा निर्माण झाल्या, म्हणून मुली आल्या. उस्मानाबादच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, जानेवारी २०२५ मध्ये प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या गावोगावच्या मुलींना नववीत आल्यावर खेळातून काढून घरकामाला आणि दहावीच्या धास्तीला जुंपणारा समाज अशा विजयांवर हक्क सांगायला मात्र तत्पर असतो.

शालेय क्रीडास्पर्धांतून सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. म्हणजे संघातील स्थान हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही, त्याला भाकरीचे मोल आले आहे. ज्याच्या बापाला खासगी प्रशिक्षणाचे शुल्क आणि साहित्याचा खर्च परवडतो तो चाचणीला तयार होऊन येतो. ज्याला परवडत नाही तो चाचणीच्या दिवशीच पहिल्यांदा चामड्याचा चेंडू हाताळतो. याला गुणवत्तेची स्पर्धा म्हणणे म्हणजे निम्मी शर्यत धावून झालेल्याला विजेता म्हणण्यासारखे आहे.

मोठ्या शाळांनी प्रत्येक वयोगटात दोन-तीन संघ उभे करावेत, बाहेरून आलेल्या खेळाडूला पहिले वर्ष संघाबाहेर ठेवावे आणि तालुका पातळीवर दुसऱ्या संघांच्या वेगळ्या स्पर्धा भरवाव्यात, यात अशक्य काही नाही. मैदाने कोठून आणायची, असा प्रश्न लगेच येईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. तरीही गच्चीवर नाहीतर दोन इमारतींमधल्या बोळात कवायत उरकणाऱ्या शाळांना मान्यता मिळतच असते. ती देणाऱ्या अधिकाऱ्यांना हा प्रश्न आधी विचारावा.