मौखिक म्हणजे निनावी काय?

आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत ‘मौखिक साहित्य’ आणि ‘लोकसाहित्य’ ही पदे पुष्कळदा पर्यायी म्हणून योजली जातात. मौखिक रचना समूहाची, निनावी आणि कथनागणिक बदलणारी असते, असे गृहीतक त्यामागे असते. सोमाली काव्यपरंपरा या गृहीतकालाच छेद देते. म्हणून मराठीच्या अभ्यासकांनीही तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

सोमाली भाषेला अधिकृत लिपी लाभली ती १९७२ मध्ये. दीर्घ वादानंतर अरबी आणि उस्मानिया या लिपी बाजूस सारून रोमन लिपी स्वीकारली गेली. तत्पूर्वीचे काव्य मुख्यतः स्मरणावर जगले. परंतु ते निनावी नव्हते. पठण करणाऱ्याने कवीचे नाव सांगावे आणि रचना शब्दशः म्हणावी, असा तेथील संकेत होता. १९२० मध्ये निधन पावलेले सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांची वसाहतवादविरोधी काव्ये त्यांच्याच नावाने टिकली, ती यामुळेच.

या निष्ठेला रचनाबंधाचाही आधार होता. ‘गबय’ या प्रकारात एकाच वर्णाचा अनुप्रास संपूर्ण कवितेत, प्रत्येक अर्धचरणात साधावा लागतो. शिवाय ऱ्हस्वदीर्घ स्वरांवर आधारलेली मात्रांची व्यवस्था असते. कवी गारिये यांनी १९७६ मध्ये वृत्तपत्रीय लेखांतून तिची मीमांसा केली. कवी मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या अचूक पाळत आले होते. अशा बंधनांत एखादा शब्द बदलला, तर तो जाणत्या श्रोत्याच्या कानाला सहज खटकतो.

लिपी आल्याने ही परंपरा खंडित झाली नाही. १९७९-८० च्या सुमारास गारिये, हद्रावी आदी कवींनी परस्परांना उत्तरे देत रचलेली ‘देल्ले’ ही काव्यमालिका प्रामुख्याने ध्वनिफितींवरून पसरली. राजवटीवरील टीका छापणे दुष्कर होते. ऐकणे शक्य होते.

जात्यावरील ओवी समूहाचीच आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्यच आहे. पण अभंगातील आणि पोवाड्यातील नाममुद्रेचे काय? मौखिकता हे प्रसाराचे माध्यम आहे. कर्तृत्वाचे लक्षण नव्हे. रचना कोणाची आणि ती पोहोचली कशी, हे दोन प्रश्न आपण स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. तसे न केल्यास, ज्या कवींची नावे श्रोत्यांनी निष्ठेने जपली, ती आपल्या वर्गीकरणातच पुसली जातील.