झाड आठवणीतून, आकाश समोरून

फ्रान्सच्या कला अकादमीच्या कोंदट स्टुडिओतून निसर्गचित्राची सुटका केली ती इम्प्रेशनिस्टांनी, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती तपासावी असे कुणाला वाटतच नाही. तपासायला घेतली की पहिल्याच वळणावर चित्रकार पिएर-आंरी द व्हालांसिएन आडवे येतात. निसर्गाला प्रतिष्ठा यायची तर त्यात पुराणकथा हवी, असे मानणारे हे कट्टर अकादमीवाले. पण १८०० सालच्या आपल्या ग्रंथात ते विद्यार्थ्यांना बजावतात, की उघड्यावरचे अभ्यासचित्र दोन तासांत आटपा आणि सूर्यास्ताला अर्ध्या तासाहून अधिक देऊ नका, कारण उजेड थांबत नाही. इम्प्रेशनिस्ट मोनेचा जन्म त्यानंतर चाळीस वर्षांनी झाला! रंगांच्या धातूच्या नळ्या आल्या म्हणून चित्रकार बाहेर पडू शकले, हेही अर्धेच खरे. नळ्या १८४१च्या, त्याआधीची पिढी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत रंग भरून नेई आणि कागदावरच तैलरंगात काम उरकी.

मग अकादमीचे चुकले कुठे? तिच्या ऐतिहासिक निसर्गचित्राच्या रोम पारितोषिकाकडे पाहावे. दर चार वर्षांनी होणाऱ्या या स्पर्धेत १८१७ साली पहिला आला मिशालों. उमेदवाराला नेमून दिलेल्या जातीचे झाड आठवणीतून रंगवावे लागे. ही परीक्षा हास्यास्पद नव्हती. ज्याने शेकडो झाडे समोर बसून रंगवली, त्यालाच ती जमणार. पण बाहेरचे काम तिथे तालमीपुरते होते, चित्र म्हणून त्याला मान नव्हता. मिशालोंचा शिष्य कोरो याने १८२६ साली इटलीतल्या नार्नीचा पडका पूल जागेवर रंगवला: मातकट पाणी, सैल फटकारे, सगळे क्षणात टिपलेले. सालोंला, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाला, मात्र त्याने पाठवले ते स्टुडिओत बेतलेले, मेंढपाळ आणि डेरेदार झाडे घातलेले दुसरे चित्र. मला पहिलेच थोर वाटते. पण तेही अकादमीच्या शिस्तीतूनच आले आहे.

निसर्गचित्रकार थेओदोर रूसोला सालोंच्या परीक्षकांनी वर्षानुवर्षे दारातूनच परत पाठवले, त्याचे काय, असे कुणी विचारेल. तो अन्याय खराच. मात्र रूसोही मोठी चित्रे स्टुडिओत महिनोन्‌महिने घोटत बसे. भांडण बाहेर जाण्यावरून नव्हते. पुराणकथेवाचून रान एकटे पुरेसे आहे का, यावरून होते. ते अकादमी हरली आणि १८६३ साली ते पारितोषिकही बंद झाले. व्हालांसिएनची रोममधली अभ्यासचित्रे लूव्रमध्ये पोचली १९३० साली. तोवर इम्प्रेशनिस्टांची कहाणी लिहून झाली होती.