हमीचे पाच टक्के

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दौंडच्या आणि शिरूरच्या पेठेत नव्या चोपड्यांवर हळदकुंकू वाहिले जाते. व्यापारी आधी ‘श्री’ घालतो, मग जमा मांडतो आणि मग खर्च. रस्ता, पूल, आगगाडी अशा चारचौघांच्या कामांची चोपडी मात्र आपण क्वचितच उघडून पाहतो. तेव्हा वाचकहो, यंदा तीच जरा चाळू या.

‘प्रायव्हेट इक्विटी’ हा शब्द आता पेठेतल्या गप्पांतही ऐकू येतो. मोठ्या पेढ्या निवृत्तिवेतनाचे, विम्याचे आणि धनवंतांचे पैसे गोळा करतात, ते रस्त्यांत, बंदरांत, वीजकेंद्रांत घालतात आणि काही वर्षांनी आपला वाटा विकून मोकळ्या होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2030 पर्यंत टोल घेण्याचा हक्क 2020 मध्ये 8,262 कोटी रुपयांच्या बोलीवर आयआरबी कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी त्या कंपनीत स्पेनची फेरोव्हियल आणि सिंगापूर सरकारचा गुंतवणूक निधी भागीदार झाले. खालापूरला भरलेल्या टोलातला एखादा पैसा असा थेट सातासमुद्रापार जाऊन येतो!

दौंडकरांना याचे नवल वाटू नये. त्यांच्या गावातून परक्या भांडवलाची गाडी 1858 पासून धावू लागली. जी. आय. पी. रेल्वे कंपनीचा करार 1849 मध्ये लंडनला झाला. कंपनीला जमीन फुकट. भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. धंद्यात जोखीम असते म्हणून नफा असतो, असे आपले वाडवडील सांगत. इथे जोखीम एकाची आणि नफा दुसऱ्याचा!

हमी असली की हात सैल सुटतो. सरकारचे माजी अर्थसदस्य मॅसी यांनी 1872 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साफ सांगितले की, पाच टक्के पक्के असल्यावर आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळी नदीत, याची त्या भांडवलवाल्याला फिकीर नव्हती.

ही तिजोरी भरत होता कोण? त्यात मोठा हात शेतसारा देणाऱ्याचा. मे 1875 मध्ये सुप्याला ठिणगी पडली आणि भीमथडी व शिरूर तालुक्यांतल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते ओढून काढून जाळली. दारातला सावकार त्यांना दिसत होता. लंडनला लिहिलेले खत त्यांच्या नजरेस कधी पडलेच नाही.

हमीचा भार पाहून सरकारने पुढे स्वतःच मार्ग बांधायला घेतले. दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये सुरू झाला. त्याच्या मातीकामावर दुष्काळात सापडलेली माणसे राबली. उत्तर आणि दक्षिण जोडण्याचा तो बेत, त्यामुळे मनमाडची गाडी दौंडहून सोलापूरकडे सरळ निघून जाई. पुण्याला जायचे तर इंजिन काढून उलट्या टोकाला जोडावे लागे. बगलेचा रूळमार्ग होईपर्यंत नगरकरांनी ही खटपट पिढ्यान्‌पिढ्या पाहिली.

पण एका अंगाने बोलणे बरे नव्हे. त्या रुळांनीच दौंडला जंक्शन केले आणि हजारो घरांच्या चुली पेटवल्या. घोडनदीकाठचे शिरूर जुन्या लष्करी छावणीचे ठाणे, पण तिथे आगगाडी गेली नाही; कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगावचा सारा भार आजही नगर रस्त्यावरच आहे. त्या कोंडीत कांद्याचा ट्रक घेऊन ताटकळणारा माणस ‘परके भांडवल नको’ असे सहसा म्हणणार नाही. त्याला रस्ता हवा आहे, आणि ते रास्तच आहे.

तेव्हा भांडवल कोणाचे, यावर भांडत बसण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. वाहने कमी आली तर तूट कोण सोसणार? अंदाजापेक्षा जास्त आली तर टोल लवकर बंद होणार की मुदतभर चालणार? आणि रोजच्या वसुलीचा आकडा पाटसच्या नाक्यावरून जाणाऱ्या माणसाला वाचता येईल का? जुन्या करारातही पाच टक्क्यांवरचा नफा कंपनी आणि सरकार यांत वाटण्याचे कलम होतेच. पण ज्याच्या सारातून हमी भरली गेली, त्याला ते वाचून दाखवायला कोणी गेले नाही.

जी. आय. पी. सरकारने 1900 मध्ये विकत घेतली आणि 1925 मध्ये तिचा कारभारही हाती घेतला. म्हणजे अर्धे शतक हमी भरून शेवटी गाडी पुन्हा पैसे मोजूनच घरी आणली. शहाण्या व्यापाऱ्याने असा सौदा केला असता, तर पुढच्या पाडव्याला घरच्यांनी त्याच्या हाती चोपडी दिली नसती. आपण मात्र नवे करार करताना निदान जुनी चोपडी एकदा उघडून पाहावी. सर्वांना दीपावली सुखाची जावो.